नाकाच्या शस्त्रक्रियेत स्वतःची कूर्चा वापरायची की कृत्रिम इम्प्लांट? निर्णयाच्या पायऱ्या

नाकाच्या ऑपरेशनची चौकशी करायला येणारी बरीच माणसं बसता बसताच विचारतात, "सिलिकॉन टाकायचं की स्वतःचंच काहीतरी वापरायचं?" मी मुंबईतल्या एका रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत रुग्णांशी बोलायचं काम करते. हा प्रश्न खरं तर चौथा किंवा पाचवा यायला हवा. नाकाला कुठे, किती आणि कशासाठी भर हवी आहे हे ठरलं की बहुतेक वेळा साहित्य ठरवायला वेळ लागत नाही. साहित्य आधी ठरवून आलेला माणूस मात्र त्याच साहित्याला होकार देणारा डॉक्टर शोधत हिंडतो, आणि तिथेच गाडी चुकते.

माझं मत आधीच सांगते. नाकाच्या शेंड्यात आणि श्वासाच्या वाटेजवळ परकी वस्तू नको, तिथे स्वतःचीच कूर्चा (कार्टिलेज, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊतक) हवी. नाकाच्या मधल्या उंचवट्यावर काही ठरावीक माणसांना इम्प्लांट चालू शकतं. ती माणसं कोण, हे खाली सविस्तर येईलच.

पायरी १: नाकात नेमकं काय बदलायचंय ते लिहून काढा

कागद घ्या आणि दोन-तीन वाक्यांत लिहा. "चाफेकळी नाक हवं" असं लिहून डॉक्टरला काही कळत नाही. "समोरून नाक बसकं दिसतं", "बाजूने पाहिलं तर कुबड आहे", "शेंडा खाली झुकतो", "डावीकडून श्वास कमी येतो" असं लिहा.

कुबड कमी करायचं असेल किंवा नाक लहान करायचं असेल, तर आतून काढायचं जास्त असतं आणि घालायचं कमी. घालायची वेळ आली तरी नाकातून निघालेल्या कूर्चेच्या बारीक पट्ट्या बहुधा पुरतात. अशा माणसाने इम्प्लांटचा विचार डोक्यातून काढून टाकला तरी चालेल. भर घालायचा प्रश्न मुख्यतः बसक्या नाकाचा, आखूड नाकाचा, अपघातात मोडलेल्या नाकाचा आणि एकदा ऑपरेशन होऊन बिघडलेल्या नाकाचा असतो.

वयाचंही पाहा. नाकाची वाढ पूर्ण व्हायला मुलींना साधारण १५-१६ वर्षं लागतात, मुलांना त्याहून एखाद-दोन वर्षं जास्त. निव्वळ रूपासाठीचं ऑपरेशन त्याआधी करू नये.

पायरी २: जुने कागद शोधा, जुनी दुखणी आठवा

ही पायरी लोक टाळतात, आणि निर्णय बदलतो तो बऱ्याचदा इथेच. आपल्याकडे "नाकाचं हाड वाढलं होतं, ते काढलं" असं सर्रास सांगतात. ते ऑपरेशन बहुतेकदा नाकाच्या मधल्या पडद्याचं असतं आणि त्यात कूर्चेचा तुकडा काढलेला असू शकतो. म्हणजे जिथून साहित्य मिळायची सगळ्यात सोपी सोय होती, ती जागा आधीच रिकामी झालेली असते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड गावच्या घरी ट्रंकेत असेल तर मागवून घ्या.

नाक बसकं असण्याचं कारणही डॉक्टरला कळायला हवं. काहींचं नाक जन्मतःच तसं असतं. काहींना लहानपणी क्रिकेटचा चेंडू लागलेला असतो किंवा कबड्डीत मार बसलेला असतो. मार लागल्यावर काही वेळा पडद्याच्या दोन्ही बाजूंना रक्त साचतं, कूर्चेला पोषण मिळत नाही, ती काही दिवसांत मरते आणि पुढे नाक खोगिरासारखं खचतं. इथे पालकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. मुलाच्या नाकाला मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या बंद वाटू लागल्या, तर "उद्या बघू" म्हणू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. साचलेलं रक्त वेळेत काढलं तर पुढचं मोठं ऑपरेशन टळू शकतं.

कुष्ठरोगाने किंवा रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या काही आजारांनीही नाक खचतं. असा आजार चालू असताना भर घालून उपयोग नाही. आधी तो आटोक्यात यावा लागतो. पडद्याला भोक असेल, नाकात वारंवार संसर्ग होत असेल, मधुमेह ताब्यात नसेल किंवा सिगारेट, तंबाखू, मशेरी, तपकीर यांपैकी काही चालू असेल, तर तेही न लाजता सांगा. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. कूर्चा वापरली तरी त्रास होतो, पण इम्प्लांट असेल तर ते थेट बाहेर यायचा धोका वाढतो.

पायरी ३: आरशासमोर तीन गोष्टी तपासा

नाकाच्या मध्यावरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरून पाहा. पातळ, सरकणारी कातडी असेल तर आतल्या वस्तूची कड वर उमटते, आणि काही वर्षांनी जास्तच उमटते. जाड, थोडी तेलकट कातडी पुष्कळ काही झाकून नेते. मग शेंडा बोटाने दाबून सोडा. तो लगेच उसळून वर आला तर आतला आधार ठीक आहे. मऊ पडून आत बसला तर आधार गेलेला आहे, आणि तो आधार उभा करायला मजबूत कूर्चाच लागेल.

तिसरी तपासणी श्वासाची. गाल नाकाच्या बाजूने बाहेर ओढा आणि श्वास घ्या. बंद वाटणारी बाजू एकदम मोकळी झाली तर नाकाची आतली झडप (श्वासाच्या वाटेतली सगळ्यात चिंचोळी जागा) अरुंद किंवा कमजोर असण्याची शक्यता आहे. तिथे कूर्चेच्या पट्ट्या बसवून वाट रुंद करावी लागते. वरून सिलिकॉन बसवून नाक उंच दिसेल, पण रात्री तोंडाने श्वास घेणं चालूच राहील. या तपासण्या निदानासाठी नाहीत. डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला दिशा असावी एवढ्याचसाठी त्या आहेत.

पायरी ४: स्वतःची कूर्चा कुठून येते ते समजून घ्या

शरीरातली कूर्चा काढायच्या मुख्य जागा तीन. पहिली पसंती नाकाच्या पडद्याला. तिथली कूर्चा सरळ असते, बऱ्यापैकी कडक असते आणि त्याच ऑपरेशनमध्ये मिळते, वेगळा छेद लागत नाही. अडचण मापाची. सगळा पडदा काढून चालत नाही, कारण नाक त्यावरच उभं असतं. पुढचा आणि वरचा मिळून इंग्रजी 'एल' अक्षरासारखा पट्टा, निदान १ सेंटिमीटर रुंदीचा, मागे ठेवावाच लागतो. भारतीय नाकांत, त्यातही बसक्या नाकात, उरलेला तुकडा पुष्कळदा लहानच असतो.

दुसरी जागा कान. कानाच्या वाटीतली कूर्चा मागून छेद घेऊन काढतात, व्रण सहसा दिसत नाही आणि कानाचा आकारही नीट राहतो. ही कूर्चा वाकडी आणि लवचीक असते, म्हणून शेंड्याला गोलाई द्यायला उत्तम आणि खांब म्हणून उभी करायला कमजोर.

तिसरी जागा बरगडी. खचलेलं नाक, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा होणारं ऑपरेशन, मोठी उंची हवी असणं, अशा वेळी बरगडीला पर्याय क्वचितच असतो. छातीवर काही सेंटिमीटरचा छेद असतो. बायकांमध्ये तो स्तनाखालच्या घडीत लपवता येतो. पहिले काही दिवस खोकताना, हसताना, कुशीवर वळताना दुखतं, आणि काहींना काही आठवडे. फुप्फुसावरच्या आवरणाला धक्का लागण्याचा धोका थोडा असतो, पण असतो. म्हणून बरगडी नियमित काढणाऱ्या सर्जनकडेच हे करावं.

बरगडीची खोड वेगळीच आहे. ओलं लाकूड वाळताना वाकतं तशी ही कूर्चा कोरल्यानंतर वाकू शकते. बाहेरचा थर आणि गाभा यांतला ताण वेगळा असल्याने असं होतं. म्हणून जाणते सर्जन दोन्ही बाजूंनी सारखी कोरतात, गाभ्याचा भाग वापरतात आणि कोरल्यावर थोडा वेळ थांबून ती वाकते का ते पाहूनच बसवतात. दुसरी युक्ती म्हणजे कूर्चेचे अगदी बारीक तुकडे करून ते कानाच्या वर असलेल्या स्नायूवरच्या पातळ आवरणात भरायचे. तुकडे वाकत नाहीत आणि उंचवटाही मऊ दिसतो. वय वाढतं तशी बरगडीत कॅल्शियम साचून ती कडक आणि ठिसूळ होते. चाळिशीनंतर डॉक्टर बरगडीचा सीटी स्कॅन सांगतात तो यासाठी. त्यात उगाच खर्च वाढवला असं समजू नका.

एवढं करून मिळतं काय? स्वतःची कूर्चा शरीर परकी मानत नाही. ती जागेवर रुजली की संसर्गाला तोंड देऊ शकते आणि वर्षानुवर्षं टिकते. काही प्रमाणात झिजते, ठेचलेली कूर्चा जास्त झिजते, क्वचित सरकते. दुरुस्तीची गरज पडू शकते. पण ती बहुधा आकाराची दुरुस्ती असते, जखम उघडी पडल्याची नव्हे.

माणसाचंच ऊतक वापरून नाक उभं करण्याची परंपरा आपल्या मातीत जुनी आहे. सुश्रुतसंहितेत कातडीचा पदर फिरवून नाक करण्याचं वर्णन आहे. पुण्याजवळ कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं कापलेलं नाक एका मराठी कारागिराने कपाळाची कातडी फिरवून पुन्हा केलं. त्याची हकिकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली. पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने तीच पद्धत लंडनमध्ये करून दाखवली. मोठ्या अपघातात किंवा कर्करोगात नाकाची कातडीच गेली असेल तर आजही कपाळाच्या कातडीचा आधार घेतात.

दात्याच्या मृत शरीरातून मिळवून किरणांनी निर्जंतुक केलेली बरगडी हा मधला मार्ग आहे. छातीवर छेद नाही, पण ती जिवंत नसते आणि कालांतराने विरघळण्याची शक्यता स्वतःच्या कूर्चेपेक्षा जास्त. कुणी हा पर्याय सुचवला तर ती कुठल्या ऊतीपेढीतून (टिश्यू बँकेतून) येणार आणि तिच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे लेखी विचारा.

पायरी ५: कृत्रिम साहित्य तीन प्रकारचं, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा

घन सिलिकॉन सगळ्यात जुनं आणि पूर्व आशियात खूप वापरलं गेलेलं. ते तयार आकारात येतं आणि सर्जनला कापून-घासून बसवता येतं. शरीर त्याच्याभोवती एक पातळ पिशवी तयार करतं, पण त्यात शिरत नाही. म्हणून ते काढणं सोपं, आणि म्हणूनच ते सरकूही शकतं. कालांतराने ती पिशवी आकसली तर नाक आखडतं. शेंड्यापर्यंत येणारं 'एल' आकाराचं सिलिकॉन सगळ्यात धोक्याचं, कारण शेंड्याच्या कातडीवर सतत ताण राहतो, ती पातळ आणि लाल होते आणि एक दिवस फाटते. आजकाल जाणकार सर्जन उंचवट्यापुरता सरळ तुकडा वापरतात आणि शेंडा कानाच्या किंवा पडद्याच्या कूर्चेने करतात.

दुसरा प्रकार गोर-टेक्स या नावाने ओळखला जातो. मऊ, बारीक छिद्रांचा. त्यात शरीराचं ऊतक थोडंसं शिरतं, त्यामुळे तो कमी सरकतो. पण संसर्ग झालाच तर छिद्रांत लपलेल्या जंतूंवर औषध पुरत नाही आणि बहुधा तो काढावाच लागतो. तिसरा, मेडपोर म्हणजे मोठ्या छिद्रांचं पॉलिइथिलीन, एक प्रकारचं प्लास्टिक. यात ऊतक चांगलं रुजतं, तो कडक असतो. तोच त्याचा दोषही आहे. काढायची वेळ आली तर रुजलेल्या ऊतकासह ओढून काढावा लागतो आणि आजूबाजूची कातडी जखमी होते. हलणाऱ्या, मऊ राहायला हव्या अशा शेंड्यात तो बसवू नये असं मला ठामपणे वाटतं.

इम्प्लांटच्या बाजूच्या गोष्टीही प्रामाणिकपणे मांडायला हव्यात. दुसऱ्या जागेवर जखम नाही, ऑपरेशन लवकर होतं, काही वेळा भूल कमी लागते, उंची नेमकी ठरवता येते आणि साहित्य झिजत नाही. या तिन्हींत धातू नसतो, त्यामुळे पुढे एमआरआय करायला अडचण नाही.

धोका लगेचचाच नसतो, हे लक्षात ठेवा. संसर्ग किंवा इम्प्लांट बाहेर येणं ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही होऊ शकतं. दाताचा पू, नाकातलं गळू, पडल्याचा मार, काहीही निमित्त होतं.

इथेच इंजेक्शनबद्दल. फिलरने, म्हणजे कातडीखाली टोचायच्या भरीच्या द्रव्याने, नाक उंच करण्याच्या जाहिराती उपनगरांत जागोजागी दिसतात. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर तात्पुरतं असतं आणि विरघळवताही येतं. पण नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून वाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. आधी ऑपरेशन झालेल्या नाकात हा धोका वाढतो. ब्युटी पार्लरमध्ये हे कधीही करून घेऊ नका.

पायरी ६: आता निवड करा

इम्प्लांटचा विचार करायला हरकत नाही असा माणूस साधारण असा असतो: पहिलंच ऑपरेशन, कातडी जाड, फक्त उंचवट्यावर थोडी भर हवी, श्वासाची तक्रार नाही, पडदा धड, तंबाखू नाही, नाकाला मार बसेल असा खेळ किंवा काम नाही, आणि बरगडीच्या छेदाला नकार. यांतल्या दोन-तीन गोष्टी जरी जुळत नसतील तरी मी स्वतःच्या कूर्चेकडे झुकेन.

बॉक्सिंग, कबड्डी, कुस्ती, पोलीस किंवा अग्निशमन दलाचं काम असेल तर इम्प्लांट नको. बिघडलेलं नाक पुन्हा करायचं असेल तरी नको, कारण एकदा उघडलेल्या कातडीचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो. नाक टोचलेलं असेल, विशेषतः वरचेवर मोठी नथ घालायची सवय असेल, तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा. टोचलेल्या जागी वारंवार पिकत असेल तर जवळ परकी वस्तू ठेवणं धोक्याचं आहे.

दोन्हींचा मेळही असतो, वर म्हटल्याप्रमाणे उंचवट्याला इम्प्लांट आणि शेंड्याला कूर्चा. ती तडजोड वाईट नाही, पण तिच्यात इम्प्लांटचे आयुष्यभराचे धोके राहतातच.

पायरी ७: सर्जन निवडा आणि बोला

प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी, अथवा कान-नाक-घसा विषयातली एमएस आणि नाकाच्या ऑपरेशनचा खास अनुभव, हे पाहा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. परळचं केईएम, सायन, नायर आणि भायखळ्याचं जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. अपघात, जन्मदोष किंवा आजाराने खचलेल्या नाकासाठी तिथे जरूर जा, रांग लागेल याची तयारी ठेवून. खासगीत जायचं ठरवलं तरी दोन सर्जनांची मतं घ्या.

दोघांनाही हेच विचारा: पडद्याची कूर्चा पुरली नाही तर पुढे काय? ऑपरेशन चालू असताना कान किंवा बरगडी वापरायची वेळ आली तर त्याची परवानगी आधीच घेणार का? इम्प्लांट असेल तर कुठल्या कंपनीचं, कुठल्या प्रकारचं? ते काढायची वेळ आली तर कोण काढणार, खर्च कोणाचा? किमान एक वर्ष उलटलेल्या रुग्णांचे, समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो दाखवता का? "आम्ही सगळ्यांना हेच बसवतो" असं उत्तर आलं तर उठून या. संगणकावर दाखवलेलं नवं नाक हा अंदाज असतो, करार नव्हे.

संमतीपत्र मराठीत मागा आणि आदल्या दिवशी घरी वाचा. साहित्याचं नाव त्यात स्पष्ट असायला हवं. इम्प्लांट बसवलं तर त्याच्या पाकिटावरचं स्टिकर, म्हणजे उत्पादक, माप आणि लॉट क्रमांक, डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या.

पायरी ८: खर्च

बरगडीच्या ऑपरेशनला वेळ, भूल आणि मुक्काम जास्त, म्हणून बिल मोठं येतं. इम्प्लांटचं पहिलं बिल लहान दिसतं, पण पुढे काढायची वेळ आली तर दुसरं बिल उभं राहतं, आणि तेव्हा बरगडीही लागू शकते. निव्वळ रूपासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो. जन्मदोष, वाढीतले दोष, इजा यांमुळे बिघडलेलं नाक पूर्ववत करण्यासाठी लागत नाही. आरोग्य विम्यातही सौंदर्यासाठीचं ऑपरेशन वगळलेलं असतं, मात्र अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तर दावा करता येतो. श्वासाची तक्रार खरी असेल तर ती तपासणीच्या कागदांवर पहिल्यापासून नोंदवलेली हवी.

पायरी ९: तारीख आणि नंतरची काळजी

लग्न, साखरपुडा जवळ असेल तर पुढे ढकला. प्लास्टर साधारण आठवडाभर, निळेपणा दोन आठवडे, आणि सूज पूर्ण उतरायला वर्ष ते दीड वर्ष. शेंड्याची सूज सगळ्यात शेवटी जाते. ऑपरेशनआधी निदान चार आठवडे तंबाखू-सिगारेट बंद. रक्त पातळ करणारी औषधं, ॲस्पिरिनसुद्धा, डॉक्टरांना विचारूनच थांबवा.

पहिले सहा आठवडे गर्दीच्या वेळची लोकल टाळा. दादरला दारात उभं राहून कुणाचं कोपर नाकावर बसेल हे सांगता येत नाही. दहीहंडी आणि विसर्जनाची गर्दीही त्यात आलीच. चश्म्याचा भार चार ते सहा आठवडे नाकावर नको. नथ घालायची असेल तर सर्जनने हो म्हटल्यावरच, आणि दाबाची नथ शेंड्याजवळ चिमटा घेते म्हणून ती त्याहून उशिरा.

काही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही. बरगडी काढल्यावर दम लागला तर त्याच क्षणी रुग्णालयात जायचं. नाक गरम, लाल, ठणकणारं झालं, पू आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी. इम्प्लांट असलेल्या माणसाने पाच किंवा दहा वर्षांनंतरही शेंड्याची कातडी चकचकीत, पांढरट किंवा लाल दिसू लागली, उंचवटा तिरका वाटला, तर लगेच दाखवायचं. कातडी फाटण्याआधी इम्प्लांट काढलं तर नाक वाचवणं सोपं जातं. फाटल्यावर कातडी आखडते आणि पुन्हा उभारणी करायला काही महिने थांबावं लागू शकतं. दात किडला असेल तर वेळेत भरून घ्या, नाकातले केस उपटू नका, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात तरी नाकात काय आहे ते आधी सांगून स्टिकरचं कार्ड दाखवा.